आपांचा ४५७ फुटांचा वाटा

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सगळी भावंडं जमतात. त्या दिवशी शिरखुर्म्याच्या वाट्या अजून उचललेल्या नव्हत्या, तोच थोरल्या भाईजाननी पिशवीतून एक कागद काढला. हक्कसोडपत्राचा मसुदा होता. खाली सह्यांसाठी दोन जागा मोकळ्या होत्या, दोन्ही बहिणींच्या.

भाईजान वाईट मनाचे नाहीत, हे आधीच सांगतो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. अब्बांची जागा तीन गुंठे. तिच्यात बहिणींचा वाटा काढला तर हाती येणारा तुकडा एवढा लहान, की त्यावर महापालिका घर बांधू देणार नाही आणि त्याची वेगळी नोंदही होणार नाही. मग कागदावर वाटा ठेवून काय करायचं? त्यापेक्षा बहिणींनी सही करावी, भाऊ त्यांना जमेल तसं देतील.

धाकटी पेन शोधू लागली. आपांनी मात्र विचारलं, "कायदा माझा वाटा नाही म्हणतो, की माझ्या वाट्यावर वेगळं घर नाही म्हणतो?"

भाईजाननी आमच्याकडे पाहिलं. आम्ही मास्तर, दोन भाषांतून शिकवणारे, घरात कायद्याचं काही आलं की सगळे आमच्याकडेच बघतात. आम्हाला उत्तर येत नव्हतं. खरं सांगायचं तर तो मसुदा आम्हीही आदल्या रात्री वाचला होता आणि "ठीक आहे" म्हटलं होतं.

आपांच्या त्या प्रश्नामागे आम्ही सव्वा वर्ष फिरलो. वाचकांपैकी बऱ्याच घरांत अशीच दोन-तीन गुंठ्यांची जागा असणार, म्हणून जे कळलं ते लिहितो आहोत.

गुंठा म्हणजे किती

पाचवीच्या मुलांना क्षेत्रफळ शिकवताना आम्ही शाळेच्या मैदानात सुतळीने एक गुंठा आखतो. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. मुलांना तो चौकोन फार मोठा वाटतो, पळापळी खेळता येते. मग आम्ही सांगतो, आता यात घर बांधा, पण समोर दहा फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडून. मुलं फक्कीने आतला चौकोन काढतात. अठरा फूट बाय तेवीस फूट, म्हणजे ४१४ चौरस फूट. निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहिली! दरवर्षी एखादा तरी म्हणतो, "सर, हा तर आमच्या घराएवढापण नाही."

ही सोडलेली जागा म्हणजे सामासिक अंतर. वरचे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले. नेमकं किती सोडायचं हे समोरच्या रस्त्याची रुंदी, भूखंडाचा आकार आणि इमारतीची उंची यांवर ठरतं. त्याचा उद्देश मात्र कुठेही तोच असतो. हवा-उजेड यावा, आगीचा बंब आत जावा, एकाच्या भिंतीचं पाणी दुसऱ्याच्या चुलीत पडू नये.

आता आमच्या जागेकडे येऊ. अब्बा मिलमध्ये कामाला होते. १९९४ मध्ये त्यांनी शहराच्या हद्दीतच, पण अगदी कडेला, एका शेतकऱ्याकडून तीन गुंठे घेतले. खरेदीखत नाही, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, चार साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, पैसे मोजून दिले. पुढे दोन खोल्या बांधल्या. लाईटचं मीटर आलं, नळ आला, घरफाळा लागला. घरफाळ्याच्या पावत्या अब्बांनी एका पत्र्याच्या डब्यात तारखेवार लावून ठेवल्या होत्या. त्यांच्या लेखी तो डबा म्हणजेच मालकी होती.

एका कार्यालयात तो डबा उघडला, तेव्हा टेबलामागच्या बाईंनी हळूच सांगितलं, "सर, घरफाळा म्हणजे घर आहे याची पावती. घर कायदेशीर आहे याची नव्हे." आम्हाला राग आला, पण त्यांचं खरं होतं. बेकायदा बांधकामालाही कर लागतो आणि तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, असं कायदाच सांगतो.

शेतासाठी केलेला कायदा

अब्बांना खरेदीखत का करता आलं नाही? त्याचं मूळ १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात आहे. शेतीचे इतके लहान तुकडे पडू लागले होते की नांगर वळवायलाही जागा राहीना, म्हणून ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आली. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी २०२३ मध्ये हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरवलं गेलं. शेतासाठी हे योग्यच होतं. अडचण झाली ती शहरांच्या कडेला. तिथे शेतात ऊस नव्हे, घरं उगवू लागली होती. गिरणीकामगार, शिक्षक, गवंडी, रिक्षावाला, कोणाला वीस गुंठे घेणं परवडतं? शेतकऱ्याने एक-दोन गुंठे पाडून दिले, लोकांनी स्टॅम्पवर घेतले. यालाच गुंठेवारी म्हणतात.

कोल्हापुरात ही गोष्ट जास्तच घट्ट बसली. महापालिका १५ डिसेंबर १९७२ ला झाली, आणि पुढची पन्नास वर्षे शहराची हद्द वाढली नाही. जेमतेम ६७ चौरस किलोमीटरमध्ये सगळं शहर. माणसं वाढली, जागा तेवढीच, त्यामुळे हद्दीच्या आतलं कडेचं शेत आधी गुंठ्यांनी विकलं गेलं, मग हद्दीबाहेरचं. २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमलं गेलं, त्याआधी त्या गावांत घरं किती रुपांनी उभी राहिली होती ते पाचगाव-कळंब्याकडे फिरून आलेल्याला सांगायला नको.

सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वीची घरं आणि भूखंड शुल्क भरून नियमित करून घ्यायची सोय झाली. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. म्हणजे आमचं घर पहिल्या दिवसापासून या सवलतीत बसत होतं! वीस वर्षं आमच्यापैकी कोणी अर्ज केला नाही, कारण डबा होता ना.

तुकड्याच्या व्यवहाराचा प्रश्न वेगळा. तो नियमित करायला आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरावी लागे. एवढे पैसे कुणाकडे होते? २०२१ च्या जुलैत नोंदणी विभागाने परिपत्रक काढून अशा तुकड्यांची दस्तनोंदणी बंद केली. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यादेश आला आणि २५ टक्क्यांचे ५ टक्के झाले. आम्ही त्याच वेळी, उसनवारी करून, भरले. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये नवा अध्यादेश निघाला. शहरी आणि निवासी क्षेत्रातले, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात पडलेले तुकडे आता शुल्क न घेता नियमित होणार. भाईजान अजून म्हणतात, थांबलो असतो तर वाचले असते. असतील. पण 'थांबलो असतो तर' म्हणतच आम्ही अब्बांच्या हयातीतली वीस वर्षं घालवली होती.

एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. सात-बाऱ्यावर अजून त्या शेतकऱ्याचंच नाव होतं आणि तोही आता हयात नाही. त्याच्या मुलांकडे आम्ही गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. आज त्या जागेचा भाव काय आहे, त्यांनाही ठाऊक. थोरल्या मुलाने स्टॅम्प पेपर उलटसुलट करून पाहिला, साक्षीदारांत आपल्या चुलत्याची सही ओळखली आणि म्हणाला, "दादांनी पैसे घेतलेत. कुठं सही करायची तेवढं सांगा." चहा आमच्याकडून घेतला, बाकी काही नाही. सगळ्यांना असे लोक भेटत नाहीत, म्हणून ज्यांच्या कागदावर मूळ मालक अजून जिवंत आहे त्यांनी उद्याच त्यांच्या दारात जावं.

सूट कुणाला, कशात

मोजणी झाली तेव्हा पहिला धक्का बसला. तीन गुंठे म्हणजे ३०३ चौरस मीटर असायला हवे होते. जागेवर भरले २९१. पुढच्या बाजूची पट्टी रस्त्यात गेली होती. दुसरा धक्का म्हणजे आमच्या पूर्वेच्या भिंतीपासून हद्द फक्त दोन फुटांवर. तिसरा धक्का ओट्याचा. अम्मी ज्या ओट्यावर बसून लसूण सोलतात, गल्लीतल्या पोरांना ओरडतात, तो ओटा रस्त्याच्या बाजूच्या सोडायच्या जागेत होता.

डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू आहे. लोक तिला एकात्मिक नियमावली म्हणतात. तिच्यात लहान भूखंडासाठी एक चांगली सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, परवानाधारक अभियंत्याच्या सहीने नकाशा आणि शुल्क भरलं की काम सुरू करता येतं. ३०० पर्यंत दहा दिवसांत परवाना. आमची जागा मोजणीत घटून २९१ झाल्यामुळे या सोयीत बसली, म्हणजे बारा मीटर गेल्याचं दुःख करावं की आनंद, तेच कळेना. पण ही वाट नियमात तंतोतंत बसणाऱ्या नकाशासाठी आहे. आम्हाला तर पूर्वेच्या भिंतीसाठी सूट हवी होती.

सूट मिळते का? मिळते. नियमावलीतच तसा अधिकार दिलेला आहे. नियम जसाच्या तसा लावला तर खरोखरची अडचण होते, हे दाखवता आलं तर अंतरांत सवलत देता येते. अट एवढीच की राहणाऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आरोग्याला, आगीपासूनच्या आणि इमारतीच्या सुरक्षेला धक्का लागता कामा नये. त्यासाठी अधिमूल्य भरावं लागतं. मात्र तीन गोष्टींत सूट नाही: रस्त्याच्या बाजूचं अंतर, चटई क्षेत्र आणि वाहनतळ. पूर्वेची भिंत वाचू शकते, ओटा वाचू शकत नाही, असा त्याचा आमच्या घरापुरता अर्थ.

हे आम्हाला आधी अन्यायाचं वाटलं. मग पूर्वेच्या शेजारणीकडे बसायला गेलो. त्यांच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी आमच्या त्या भिंतीसमोर आहे. आम्ही वर मजला चढवला तर त्यांच्या ओट्यावर दुपारी दिवा लावावा लागेल. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "तुमचं घर व्हायला पाहिजे, सर." खिडकीबद्दल एक शब्द काढला नाही. आम्हीच परत येऊन अभियंत्याला सांगितलं, खालची जुनी भिंत राहू दे, पण वरचा मजला पाच फूट आत घ्या.

अमेरिकेत अशी सूट मागितली की शेजाऱ्यांना नोटीस जाते, उघड सुनावणी होते, शेजारी उठून आपली तक्रार मांडतो. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये पहिली व्यापक नियमावली केली आणि १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांना मान्यता दिली, तेव्हापासून ही पद्धत तिथे रुजली. आपल्याकडे एका घराच्या सवलतीसाठी शेजाऱ्याला बोलावत नाहीत; निर्णय कार्यालयात होतो. शेजाऱ्याचा हक्क आपणच लक्षात ठेवायचा. पण शहराचा विकास आराखडा बदलताना मात्र आपल्यालाही बोलता येतं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस असतात. या तीस दिवसांत मोहल्ल्यातून एकही अर्ज जात नाही आणि पुढे वीस वर्षं आपण म्हणत राहतो, आमच्या घरावर आरक्षण टाकलं. कमेटीच्या बैठकांत कमानीच्या रंगावर दोन-दोन तास बोलणारी मंडळी एक संध्याकाळ नकाशा उघडून बसली तर बरं होईल.

जाता जाता दोन-तीन उपयोगाच्या गोष्टी. बांधकाम परवान्याच्या अर्जावर ६० दिवसांत उत्तर आलं नाही आणि नकाशा नियमात बसणारा असेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाली असं धरता येतं. नाकारली तर कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येतं. अनधिकृत बांधकामाची कलम ५३ ची नोटीस आली तर घाबरून एजंटाकडे धावू नये. त्या नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी रीतसर अर्ज करता येतो. आणि पंचगंगेच्या काठाकडे स्वस्तात गुंठा मिळतो म्हणून कोणी बोलावलं, तर आधी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते पाहावं. निळ्या रेषेच्या आत नव्या घराला परवानगी मिळत नाही. २०१९ आणि २०२१ ला सुतारवाड्यात पाणी कुठवर आलं होतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांना रेषा दाखवायची गरज नाही.

आता आपांचा प्रश्न

अब्बांच्या मागे अम्मी, दोन मुलगे, दोन मुली. सूरह निसाच्या हिशेबाने पत्नीला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे त्याचे सहा भाग, दोन-दोन आम्हा भावांचे, एक-एक बहिणींचा. मोजणीत भरलेल्या ३,१३२ चौरस फुटांपैकी अम्मींचे ३९१, आमचे प्रत्येकी ९१३ आणि आपांचे सुमारे ४५७.

भाईजान म्हणत होते ते इथवर बरोबर होतं. ४५७ फुटांचा वेगळा भूखंड पाडून, चारी बाजूंनी अंतर सोडून घर बांधा म्हटलं तर उरतं काय? एखादी मोरी. पण अभियंत्याने हाच हिशेब उलटा करून दाखवला. जागा तोडूच नका. एकच भूखंड ठेवा, पाचही नावं लावा आणि घर वर न्या. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१० धरला तर ३,१३२ फुटांवर सुमारे ३,४४५ फुटांचं बांधकाम बसतं. त्यात बहिणीचा वाटा होतो ५०२ फूट. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. जमिनीवर जो तुकडा कुणाच्या कामाचा नव्हता, तोच पहिल्या मजल्यावर घर होतो.

कायदा जमिनीचे तुकडे पाडायला अडवतो. वाट्याला तो कुठेच अडवत नाही. पाच वारसांची नावं एका मिळकतीवर लावायला कोणती तुकडेबंदी आड येते? वेगळं राहायचं नसेल तर बहिणीने आपल्या वाट्याची आजच्या भावाने किंमत घ्यावी, तोही मार्ग आहे. हक्कसोडपत्रही बेकायदा नाही, बहीण समजून-उमजून, नोंदणी कार्यालयात जाऊन देत असेल तर. पण 'महापालिका घर बांधू देत नाही म्हणून सही कर', हे कारण खोटं आहे. आम्ही ते खरं समजून चाललो होतो.

हे सगळं आम्ही नकाशा पसरून घरात सांगितलं. भाईजान बराच वेळ ५०२ या आकड्यावर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझा मजला कमी होणार."

"तुझा नव्हताच तो," अम्मी म्हणाल्या.

त्यांनी मसुदा फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला. पुढचे तीन महिने आमच्याशी कामापुरतंच बोलले. वाटणीपत्राच्या नोंदणीच्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी येऊन, पाच जणांची ओळखपत्रं पिशवीत घेऊन, पायरीवर उभे होते.

परवाना आला आहे. पूर्वेची सवलत मिळाली, अधिमूल्य भरलं. पुढचा ओटा बकरी ईदनंतर पाडायचा ठरला आहे. अम्मींनी तोवर त्यावर बसायचं सोडलेलं नाही. आपांनी अभियंत्याला एकच बदल सांगितला आहे, त्यांच्या खोलीची खिडकी रस्त्याच्या बाजूला हवी, म्हणजे अम्मींना तिथे खुर्ची टाकता येईल.